फिन्मार्कचा चढता किनारा

सोमवार, आल्टा

आल्टा हे उत्तर नॉर्वेतल्या फिन्मार्कमधलं गाव जवळजवळ ७० अंश उत्तरेला आहे. याच रेषेत नकाशावर पश्चिमेकडे सरकत गेलं की अलास्काचा उत्तर किनारा लागतो. तिथला समुद्र वर्षातले कित्येक महिने गोठलेला असतो. इथे मात्र अटलांटिकमधला उबदार प्रवाह नॉर्वेच्या काठाकाठाने पार वरपर्यंत येतो आणि भर हिवाळ्यातही बाहेरचा समुद्र मोकळा ठेवतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही विमानतळाबाहेर पडलो तेव्हा बर्चला कोवळी पालवी फुटली होती आणि समोरच्या डोंगरांच्या घळींमधून बर्फाच्या रेघा तशाच होत्या. स्वेटर पुरेसा झाला, जाकीट हातातच राहिलं.

अतिउत्तरेचे प्रागैतिहासिक शिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कातडी पांघरून बर्फात भाला घेऊन मॅमथच्या मागे धावणारा गडी येतो. शाळेच्या पुस्तकांनी तो आपल्या डोक्यात पक्का बसवलाय. मला ज्यांच्या खुणा बघायच्या होत्या त्यांच्या काळात इथे मॅमथ नव्हताच. ते समुद्रावर जगणारे लोक होते. हिमयुगाची बर्फाची चादर आतल्या भागात अजून वितळत होती तेव्हाच, म्हणजे ११ हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, ते या किनाऱ्यावर पोचले होते. होड्यांशिवाय हे शक्य नव्हतं.

माझी भाची ओस्लोला नोकरी करते. गाडी ती चालवणार, पेट्रोल मी भरणार असा करार. पुरातत्त्वाशी तिचा काडीचा संबंध नाही. "मावशी, लोक इथे नॉर्दर्न लाइट्स बघायला येतात," ती म्हणाली, "आणि तू ते दिसत नाहीत अशा महिन्यात दगड बघायला आलीस." मुद्दा बिनतोड होता. रात्री साडेअकराला खिडकीतून ऊन आत येत होतं. पडदे ओढले, वर टॉवेल अडकवला आणि झोपलो.

मंगळवार, येम्मेलुफ्ट

आल्टा फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, टोकाशी येम्मेलुफ्ट नावाची एक छोटी खाडी आहे. १९७३ मध्ये इथल्या खडकांवर कोरलेली चित्रं उजेडात आली आणि मग शेवाळ, माती काढत जावं तशी सापडतच गेली. येम्मेलुफ्ट आणि आसपासची ठिकाणं मिळून सहा हजारांहून जास्त आकृत्या आतापर्यंत नोंदल्या गेल्या आहेत. १९८५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. खाडीच्या डोक्यावर संग्रहालय आहे, पण खरं संग्रहालय बाहेर आहे: खडकांमधून काढलेली लाकडी फळ्यांची वाट. खडकावर पाय पडू नये आणि तरी चित्रापासून हातभर अंतरावर उभं राहता यावं, अशी बेतलेली. एका बाजूला फ्योर्डचं पाणी, दुसऱ्या बाजूला बर्चची झाडी, मधे हिमनदीने घासून गुळगुळीत केलेले करड्या-हिरव्या वालुकाश्माचे उतार.

वाटेच्या सुरुवातीची चित्रं लाल आहेत. कोणालाही वाटावं की पाच हजार वर्षं टिकलेला रंग आहे. तसं काही नाही. पर्यटकांना आकृत्या दिसाव्यात म्हणून शोध लागल्यानंतरच्या काळात त्या रंगवण्यात आल्या. आता तोच रंग हळूहळू काढून टाकण्याचं काम चालू आहे, कारण रंगवणाऱ्याने जी रेघ पाहिली तेवढीच सगळे पाहतात आणि जी त्याच्या नजरेतून सुटली ती कोणालाच दिसत नाही. माझं मत विचाराल तर हे काम आधीच व्हायला हवं होतं. बिनरंगाच्या खडकासमोर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही हे खरं. मग डोळा सरावतो. एक कान दिसतो, मग शिंग, मग अख्खा कळप.

आता या जागेची खरी गंमत. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचा थर काही ठिकाणी दोन-तीन किलोमीटर जाड होता. त्या वजनाने खालचा भूभाग दबला. बर्फ वितळलं, वजन उतरलं आणि जमीन हळूहळू वर येऊ लागली. ती अजूनही वर येतेय. म्हणजे इथला किनारा दर पिढीला थोडा थोडा खाली सरकत गेला. चित्रं कोरणारे लोक पाण्याच्या अगदी कडेला, लाटांनी धुऊन स्वच्छ ठेवलेल्या खडकावर कोरायचे, तिथे शेवाळ धरत नाही म्हणून. पाणी खाली गेलं की पुढची पिढी खालच्या खडकावर. परिणाम असा की सगळ्यात जुनी चित्रं आज समुद्रापासून सुमारे २६ मीटर उंचावर आहेत आणि सगळ्यात नवी आठ-नऊ मीटरवर. वरची सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची, खालची दोन हजार वर्षांपूर्वीची. कॅलेंडर उतारावर पसरलेलं आहे, फक्त वाचायचं वरून खाली.

याला आक्षेप घेता येतोच. खडक पाण्याबाहेर येण्याआधी त्यावर कोणी कोरू शकत नाही, एवढंच उंचीवरून सिद्ध होतं. हजार वर्षांनंतर कोणी वर चढून कोरलं नसेल कशावरून? पुरातत्त्वज्ञांचं उत्तर असं की वेगवेगळ्या उंचीवर चित्रांची शैलीही वेगवेगळी आहे आणि त्यांची सरमिसळ होत नाही. ज्याला वाटेल तिथे जो तो कोरत बसला असता तर असं झालं नसतं. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचं घोडं नेमकं इथेच अडतं. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळीचा तो अवाढव्य हत्ती, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नावंही गेली. पण जांभ्याचा सडा वर्षानुवर्षं आहे तिथेच आहे, त्याच्याकडून तारीख काढून घेण्याचा असा सोपा मार्ग नाही.

बेर्गबुक्तेन नावाच्या खडकाशी आम्ही दीड तास होतो. भाचीने सुरुवातीला फोन काढला होता, नंतर तो खिशात गेला. खडकावर एक मोठं, वेडंवाकडं वर्तुळ आहे: कुंपण. आत रेनडिअर, दाटीवाटीने, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. कुंपणाला एका बाजूने फट. आजूबाजूला माणसं, काही हात वर केलेली. कळप हाकून कुंपणात कोंडायचा, हे एकट्यादुकट्याचं काम नाही. झाडं तोडा, खांब रोवा, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करा, कोणीतरी हुकूम द्या, मग मांस वाटून घ्या. म्हणजे एका रेषेत अख्खी पंचायत बसली आहे. जंगली रेनडिअर कुंपणात धरणं ही पद्धत उत्तरेत पुढे अलीकडच्या काळापर्यंत चालू राहिली. तिचं चित्र मात्र इथे हजारो वर्षांपूर्वीचं, वरच्या म्हणजे सर्वात जुन्या टप्प्यातलं.

त्याच खडकावर अस्वल आहे. अस्वलापेक्षा त्याची पावलं जास्त मोलाची. ठिपक्यांची दुहेरी रांग गुहेतून निघते, खडकाचा उतार चढते, दुसऱ्या जनावरांच्या अंगावरून जाते, कुठे खाली खोलगट भागाकडे वळते. ट्रोम्सोच्या विद्यापीठातले क्नुट हेल्स्कोग यांनी या खडकांवर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की खडक हा नुसता फळा नाही, तोच भूप्रदेश आहे: खळगा म्हणजे तळं, उंचवटा म्हणजे डोंगर, चीर म्हणजे नदी. पाऊस पडला की खळग्यांत खरंच पाणी साचतं. अस्वल गुहेतून बाहेर पडतंय म्हणजे चित्रात ऋतूही आला, वसंत. हा अर्थ पटवून घ्यायला मला वेळ लागला, कारण अशा अर्थांत पुष्कळदा अर्थ लावणाऱ्याचाच हात दिसतो. पण दुपारी एक सर येऊन गेली, खळगे भरले, आणि पावलांची रांग बरोबर पाण्याच्या काठाशी जाऊन थांबलेली दिसली. तेव्हा मी वाद थांबवला.

होड्या पुष्कळ. त्यांच्या नाळेवर एल्कचं, म्हणजे इथल्या थोराड हरणाचं, डोकं. काही माणसांच्या हातातल्या काठ्यांनाही तेच डोकं. एका होडीतल्या माणसाने पाण्यात दोर सोडलाय आणि दोराच्या टोकाला हॅलिबट लागलाय, चपटा, होडीच्या मानाने भलताच मोठा. हॅलिबट खरोखर माणसापेक्षा मोठा होतो आणि होडीत घेताना जिवावर बेतू शकतं. चित्र काढणाऱ्याला ते ठाऊक होतं. मात्र मोजायला बसलं तर खडकांवर राज्य रेनडिअरचं आहे, मग एल्क, अस्वलं. मासे थोडे. यावरून हे लोक रेनडिअर खाऊन जगत होते असं म्हणावंसं वाटतं. ते लक्षात ठेवून पुढे पूर्वेकडच्या वारांगेर फ्योर्डला जायचं होतं.

संध्याकाळी ऊन तिरपं झाल्यावर परत एक फेरी मारली. दुपारी कोऱ्या वाटलेल्या एका खडकावर होडी निघाली. कोरण्याचं हत्यार म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाची छिन्नी आणि वर हातोडा म्हणून दुसरा दगड किंवा शिंग. प्रत्येक घावाचा खळगा तीळभर, तिरप्या उन्हात त्या प्रत्येकाला स्वतःची सावली पडते. जवळून पाहिलं की कळतं, होडीची तळरेघ एका दमात, सारख्या घावांनी काढली आहे, पण नाळेच्या एल्कच्या कानाशी हात थबकलाय, दोन-तीन घाव रेघेबाहेर पडलेत.

बुधवार, कोम्सा आणि हामेरफेस्ट

आल्टा गावाच्या मधोमध कोम्सा नावाचा डोंगर आहे. लोक तिथे संध्याकाळी कुत्रा घेऊन फिरायला जातात. १९२५ मध्ये आंदेर्स नुमेदाल नावाचे शाळामास्तर इथे आले. त्यांना दगडी हत्यारांपेक्षा आधी जुन्या किनाऱ्यांचा नाद होता: समुद्र पूर्वी कुठवर होता हे जमिनीच्या पायऱ्यांवरून ओळखायचा. त्यामुळे त्यांनी शोधलं ते सगळ्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणी. आजच्या पाण्याकाठी न पाहता ते वरच्या, कोरड्या, जुन्या किनाऱ्यावर गेले, आणि तिथे घडवलेले दगड पडलेले होते. तोवर इतक्या उत्तरेला अश्मयुगातली एवढी जुनी वस्ती असेल हे फारसं कोणी धरत नव्हतं. या हत्यारांच्या परंपरेला मग कोम्सा संस्कृती असं नाव पडलं आणि पुढची कित्येक दशकं ते वापरात राहिलं.

हे लोक आले कुठून, हा वाद बराच काळ चालला. हाडांमधल्या डीएनएच्या अभ्यासाने आणि हत्यारं घडवण्याच्या पद्धतींवरून आता दोन वाटा दिसतात. एक दक्षिणेकडून, नॉर्वेच्या किनाऱ्याने वर. दुसरी थोडी नंतरची, ईशान्येकडून, आजच्या रशिया-फिनलंडमधून. या दुसऱ्या वाटेच्या लोकांना दगडावर नेमका दाब देऊन लांब, सरळ पाती काढण्याची कला अवगत होती. दोघं इथे उत्तरेत भेटले, मिसळले आणि मिश्रण किनाऱ्याने परत खाली उतरलं. आता लोकमान्यांची आठवण येणारच. टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतल्या दीर्घ उषांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात नेलं होतं. त्यांच्या बुद्धीला नमस्कार, पण त्या काळच्या इथल्या चुलींतून निघतात ती सीलची आणि माशांची हाडं. गायीचा पत्ता नाही.

दुपारी हामेरफेस्टला गेलो. बंदरातून समोर मेल्कोया बेट दिसतं, खरं तर बेटाऐवजी टाक्या, नळ्या आणि एक ज्वाळा. स्नोव्हिट वायुक्षेत्रातला वायू इथे द्रवरूप करून जहाजात भरतात. हा कारखाना उभा राहण्यापूर्वी २००१-०२ मध्ये ट्रोम्सो संग्रहालयाच्या चमूने बेटावर उत्खनन केलं आणि अश्मयुगाच्या आरंभापासूनच्या वस्त्यांचे थर उलगडले. खर्च नॉर्वेच्या कायद्याप्रमाणे प्रकल्प करणाऱ्याच्या माथी. खणून झालं, नोंदी झाल्या, वस्तू हलल्या, आणि २००७ मध्ये वायू सुरू झाला. भाचीला हे क्रूर वाटलं. मला तितकं नाही. दहा हजार वर्षांपूर्वीही माणसं त्या बेटावर आली ती जवळच्या समुद्रात काय मिळतंय ते बघूनच.

गुरुवार, रस्ता

दिवसभर गाडी. लाक्सेल्व, कारास्योक, मग ताना नदीच्या काठाने उत्तरेकडे, नदीपलीकडे फिनलंड. कारास्योकला सामी या उत्तरेतल्या आदिवासी लोकांच्या संसदेची लाकडी इमारत बाहेरून बघितली. आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ पासून जे आंदोलन पेटलं, ते धरण काही थांबलं नाही, पण त्याच रेट्यातून पुढे १९८९ मध्ये ही संसद आली. रस्त्यावर रेनडिअर. हॉर्न वाजवून काही होत नाही, त्यांना जायचं तेव्हा ते जातात. दुपारचं जेवण गाडीतच: दशम्या, लसणाची चटणी आणि पेट्रोल पंपावरची कॉफी.

या भागात डोंगरमाथ्यांवर रेनडिअर पकडायचे खड्डे आहेत, रांगेने खणलेले. ताना आणि वारांगेरच्या मधे गोल्लेवारी इथे ते दोन हजारांहून जास्त आहेत. तिथवर चालत जायला वेळ नव्हता. मात्र ते बहुतेक अश्मयुगानंतरचे, सामी इतिहासाच्या काळातले. हे सांगायचं कारण, इथे एक चूक सहज होते: जे जुनं दिसेल ते सगळं सामींच्या पूर्वजांचं म्हणायचं, किंवा उलट, सामींचा इथल्या पुराण्या लोकांशी संबंधच नाही म्हणायचं. दोन्हीच्या मागे राजकारण आहे. सामी ही वेगळी ओळख गेल्या दोन-तीन हजार वर्षांत घडत गेली, त्या घडणीत इथले जुने लोकही होते आणि बाहेरून आलेलेही, असं बहुतेक अभ्यासक मांडतात.

शुक्रवार, मोर्तेन्सनेस

वारांगेर फ्योर्ड पूर्वेकडे, रशियाच्या दिशेने तोंड करून उघडतो. झाडं संपतात. उत्तर काठावर नेसेबीचं पांढरं लाकडी चर्च पाण्यात घुसलेल्या जिभेवर एकटं उभं आहे, १८५८ मधलं. त्याला महत्त्व यासाठी की १९४४ च्या अखेरीस जर्मन फौजांनी माघार घेताना फिन्मार्क जाळत नेला. घरं, धक्के, शाळा, चर्चं, विजेचे खांब, जवळजवळ काही ठेवलं नाही. हे चर्च मात्र वाचलं. म्हणून इथल्या गावांत जुनं घर शोधलं तर बहुधा १९५० च्या आसपासचं मिळतं, चौकोनी, सरकारी नकाशाबरहुकूम. त्याआधीचं घर बघायचं असेल तर थेट काही हजार वर्षं मागे जावं लागतं.

ते मोर्तेन्सनेसला आहे. रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि समोर जे दिसलं ते बघून भाची म्हणाली, "पायऱ्या आहेत." गोट्यांच्या, गवताळ, लांबच लांब आडव्या पायऱ्या, पाण्यापासून डोंगरापर्यंत. प्रत्येक पायरी एके काळचा किनारा. प्रत्येकीवर त्या त्या काळातल्या घरांचे खळगे. इथे जवळजवळ दहा हजार वर्षांच्या वस्तीच्या खुणा एकाच उतारावर आहेत. आल्टाला चित्रं उंचीने लावलेली होती, इथे घरं.

आम्ही वरून सुरुवात केली. वरच्या पायरीवरचे अवशेष अगदी किरकोळ: गोट्यांमधे थोडी मोकळी केलेली जागा, तंबूच्या कडेला ठेवले असावेत असे दगड. फलक नसता तर मी त्यावरून चालत गेले असते. खाली उतरत गेलं की खळगे खोल होतात, गोलाचे चौकोनी होतात, एकमेकांना चिकटून रांगेने येतात. हे लोक पाण्याच्या मागोमाग खाली येत होते आणि येता येता जास्त दिवस एका जागी मुक्काम करू लागले होते, एवढं कोणीही न सांगता नुसत्या पायांना कळतं. आणि एक गोष्ट एकदाही बदलत नाही: दार पाण्याकडे.

टोकाजवळ एक उभा दगड आहे आणि त्याच्याभोवती लहान दगडांची एकात एक वर्तुळं. हा सामी लोकांच्या काळातला. मासेमारी चांगली व्हावी म्हणून त्याला माशाचं तेल चोपडत असत. आपल्याकडे शेंदूर फासलेल्या दगडासमोर हात आपोआप जुळतात, इथे मी नाकाने वास शोधत होते. वास अर्थातच नव्हता. मागच्या उतारावर दगडांच्या राशीत थडगी आहेत, मृतांना बर्चच्या सालीत गुंडाळून ठेवलेलं. तिकडे फार रेंगाळू नये असं मला वाटलं, आणि फलकावर वाटेवरूनच चालण्याची विनंतीही आहे.

वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. खालच्या किनाऱ्यावर ओंडके पडलेले, गुळगुळीत, पांढरे. यातले पुष्कळसे सायबेरियातल्या नद्यांमधून समुद्रात आलेले असतात आणि वर्षानुवर्षं वाहत इथे लागतात. ज्या किनाऱ्यावर झाड नाही तिथे चूल कशी पेटवायची याचं हे एक उत्तर. समुद्राने आणलेली दुसरी वस्तू म्हणजे प्युमिस, ज्वालामुखीतला तरंगणारा सच्छिद्र दगड. तो वस्त्यांमधे सापडतो, घासून खोबणी पडलेला. हाडाची टोकं आणि सुया त्यावर घासत.

गावाबाहेर कॉड वाळत घातलेले होते, लाकडी मांडवावर शेपट्या बांधून जोडीने लटकवलेले. सातपाटीला बोंबील वाळतात तसेच, फक्त ऊन नाममात्र. थंड वाराच ते काम करतो. वास ओळखीचा. भाची नाक दाबून गाडीत जाऊन बसली.

शनिवार, कार्लेबोत्न आणि वारांगेरबोत्न

फ्योर्डच्या आतल्या टोकाला कार्लेबोत्न. इथे एका माळावर नवाश्मयुगातल्या घरांचे खळगे डझनांनी आहेत. नवाश्मयुग म्हटल्यावर आपण शेती गृहीत धरतो, पण इथे शेती आलीच नाही. आलं ते मातीचं भांडं, घासून धार लावलेली हत्यारं आणि मोठं घर. १९५० च्या दशकात डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोव्ल सिमोन्सेन यांनी या फ्योर्डवर वर्षामागून वर्ष खणलं. ग्रेसबाकेन नावाच्या जागेवरून एका खास प्रकारच्या घराला नाव पडलं, ते साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं.

एका खळग्याच्या काठावर बसून मी ते घर डोळ्यांपुढे उभं करत होते. जमीन खणून आत घेतलेली. भिंती माती, हिरवळीचे तुकडे आणि दगड रचून जाड केलेल्या. त्याच आज गवताचा बांध होऊन शिल्लक आहेत. लांबट खोली, मधोमध एका रेषेत दोन चुली, दगड लावून बांधलेल्या. दोन चुली म्हणजे बहुधा दोन कुटुंबं. मुख्य दार पाण्याकडे, आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंना उकिरडा. हो, दारातच. शिंपल्यांनी माती आंबट होऊ दिली नाही म्हणून त्या उकिरड्यात हाडं टिकली, आणि पुरातत्त्वाचं सगळं सोनं तिथेच आहे. कॉड, सील, पक्षी, रेनडिअर, कधी देवमासा. हाडाचे गळ, मागे वळलेल्या दात्यांचे हार्पून. आल्टाच्या खडकावर ज्या माशांना जेमतेम जागा मिळाली ते इथल्या ताटात रोज होते. कोरलं एक आणि खाल्लं दुसरं. यात नवल नाही. आपल्या देवघराच्या चित्रांवरून आपल्या भाजीबाजाराचा अंदाज कोणी बांधला तर तोही असाच फसेल.

दुपारी वारांगेरबोत्नचं सामी संग्रहालय. तिथे स्लेटच्या सुऱ्यांनी मला खिळवून ठेवलं. स्लेट म्हणजे आपल्या पाटीचा दगड. तो टिचून हत्यार होत नाही, करवतासारखं कापून, घासून घडवावा लागतो. लाल स्लेट, हिरवी स्लेट, काहींत दोन्ही रंगांचे पट्टे, आणि पट्टा बरोबर पात्याच्या लांबीला समांतर येईल असा दगड निवडलेला. धार साधारण, कठीण हाडावर आपटली तर तुटणार. तेवढं काम साध्या गारेच्या पात्याने जास्त चांगलं होतं. तरी हे लोक दिवसचे दिवस घासत बसले. काही पाती आजही इतकी नितळ आहेत की काचेखालच्या दिव्याचं प्रतिबिंब दिसतं.

आता राहिला तो जुना प्रश्न: हे लोक वर्षभर इथेच राहत होते का? सिमोन्सेन यांचं म्हणणं होतं की नाही. हिवाळ्यात फ्योर्डच्या आत, उन्हाळ्यात बाहेरच्या किनाऱ्यावर, शरदात रेनडिअरमागे आतल्या पठारावर, असं वर्षाचं चक्र होतं. सामींच्या ऋतुमानाप्रमाणे फिरण्यावरून हे चित्र त्यांना सुचलं असावं. नंतरच्या अभ्यासकांनी, त्यात कॅनडाच्या प्रिसिला रेनूफ यांचं काम मोठं, हाडांवरून जनावर कोणत्या ऋतूत मारलं ते ताडलं. त्या हिशेबात फ्योर्डवर जवळजवळ प्रत्येक ऋतूत कोणीतरी काहीतरी पकडत होतं. म्हणजे सगळं बिऱ्हाड दरवेळी उठत नव्हतं. शिकारीला जाणारे जात, घर मागे चालू राही.

भाचीने सिमोन्सेनची बाजू घेतली. "उन्हाळ्यात इथे कोण बसेल मावशी, बाहेर एवढं असताना?" मी रेनूफबाईंच्या बाजूने. माझा पुरावा उकिरडा. दाराशी एवढा ढीग साचेपर्यंत माणसं त्या दारातून वर्षानुवर्षं आत-बाहेर करत होती. संग्रहालयाच्या उपाहारगृहात वॅफल आणि ब्राउन चीज खात आमचा वाद चालला, शेजारच्या टेबलावरचे नॉर्वेजियन आजोबा मधे पडले. त्यांच्या आजीच्या वेळेपर्यंत घरातले पुरुष महिनोन् महिने मासेमारीला बाहेर असत, गुरं आणि बायका-मुलं इथेच. भाचीने ते मला भाषांतर करून सांगितलं आणि मग तिच्या लक्षात आलं की साक्षीदार माझ्या बाजूचा आहे.